हवेत भिडणाऱ्या दोन थेंबांचे मिश्रण: घडवावे कसे, पाहावे कसे

दोन थेंब हवेत एकमेकांवर आदळले की त्यांतले द्रव आपोआप मिसळतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात एकत्र येणे आणि मिसळणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम एका मिलिसेकंदाच्या आत उरकते. दुसरे मात्र तो जोडथेंब खाली भांड्यात पडेपर्यंत अर्धवटच राहिलेले असते आणि काही वेळा सुरूही झालेले नसते. हा फरक डोळ्यांनी पाहता येईल अशी मांडणी कोल्हापुरात मिळणाऱ्या सामानातून कशी उभी करावी, ते येथे सांगितले आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी काही वेगळे शोधणाऱ्या शिक्षकांना आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना ही मांडणी पेलवण्यासारखी आहे. मात्र सुया वापरायच्या असल्याने लहान मुलांच्या हाती ती एकट्याने देऊ नये.

मोठ्या मांडणीकडे वळण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून घ्यावा, कारण दोन थेंब भिडूनही एक होत नाहीत ही गोष्ट त्यात फार सुंदर दिसते. पाण्याची बादली माळ्यावर किंवा उंच कपाटावर ठेवून त्यातून सलाईनची नळी खाली आणावी आणि नळीच्या टोकाला १८ नंबरची सुई बसवून धार जवळजवळ सरळ वर सोडावी. वीतभर ते हातभर उंचीचे कारंजे उडेल. त्याची धार थोड्या अंतरावर तुटून थेंब होतात, ते थेंब मंद वेगाने एकमेकांवर आपटतात, उसळतात आणि पिसारा फुलल्यासारखे बाजूला विखुरतात. आता प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर किंवा लोकरीवर चांगला घासून, धार जेथे तुटते त्या जागेपासून हातभर अंतरावर धरावा. विखुरणे क्षणात थांबते, थेंब एकमेकांत विलीन होऊन मोठे होतात आणि कारंजे एका रेषेत चालू लागते. कंगवा फारच जवळ नेला तर विद्युतभार वाढून थेंब पुन्हा पांगतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी १८७९ साली हेच निरीक्षण नोंदवले होते.

कारण हवेच्या थरात आहे. दोन थेंब जवळ येताना त्यांच्यामध्ये हवेचा पातळ पापुद्रा अडकतो. तो पिळून बाहेर जाईपर्यंत आणि त्याची जाडी मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्याही खाली येईपर्यंत दोन्ही पृष्ठभागांतील रेणूंना एकमेकांची ओढ लागत नाही. तेवढा अवधी मिळण्याआधीच थेंब दबून परत उसळले, तर त्यांनी एकमेकांना स्पर्शसुद्धा केलेला नसतो. किंचित विद्युतभार असला की ओढ वाढते आणि पापुद्रा लवकर फाटतो. हा प्रयोग कोल्हापुरात जून ते सप्टेंबर या काळात करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्या दमट हवेत कंगव्यावर भार टिकतच नाही. जानेवारी-फेब्रुवारीतील कोरडी दुपार त्यासाठी उत्तम.

दोन धारांची मांडणी

आता मुख्य प्रयोग. सुटे दोन थेंब नेमक्या क्षणी नेमक्या जागी गाठ घालून देणे कठीण असते. त्याऐवजी दोन बारीक धारा एकमेकींकडे तिरक्या सोडाव्यात, त्यांना थेंबांत तुटू द्यावे आणि त्या थेंबांच्या रांगा एका बिंदूत भेटवाव्यात. एक टक्कर हुकली तरी पुढची लगेच मागून येते, आणि सेकंदाला शेकडो टकरा एकसारख्या घडत असल्याने पाहणेही सोपे जाते.

औषधाच्या दुकानातून दोन नवे सलाईन सेट आणि २४ नंबरच्या काही सुया आणाव्यात. सुईचे तिरके टोक धार वाकडी फेकते, म्हणून ते बारीक पॉलिश पेपरवर घासून काटकोनात सपाट करावे आणि आतला कीस पाणी सोडून धुऊन काढावा. या सुईचे भोक साधारण ०.३१ मिलीमीटरचे असते. त्यातून निघणारी धार तिच्या जाडीच्या सुमारे साडेचार पट लांबीच्या तुकड्यांत तुटते आणि प्रत्येक तुकड्याचा धारेच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचा, म्हणजे येथे ०.६ मिलीमीटरचा, थेंब बनतो.

दोन प्लास्टिकच्या बाटल्या सुयांपासून सुमारे दीड मीटर उंचीवर उलट्या टांगाव्यात आणि त्यांच्या वरच्या बाजूला हवेसाठी छिद्र पाडावे, नाहीतर बाटली आत ओढली जाते आणि धार मंदावत जाते. सेटमधील ठिबकण्याची कुपी पूर्ण भरून घ्यावी, कारण तिच्यात पाणी थेंबाथेंबाने पडत राहिले तर प्रत्येक थेंबाचा धक्का धारेपर्यंत पोचतो. पाणी आरओचे किंवा डिस्टिल्ड घ्यावे आणि तेही गाळून, कारण कचऱ्याचा एक कण २४ नंबरची सुई बंद करायला पुरेसा असतो. पंखा अर्थातच बंद ठेवावा.

धारेचा वेग काढण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. एका सुईखाली मोजपात्र धरून मिनिटाचे पाणी जमा करावे. ते ६ मिलिलिटर भरले, तर सेकंदाला १०० घन मिलीमीटर पाणी ०.०७५ चौरस मिलीमीटरच्या भोकातून गेले, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे १.३ मीटर झाला. दोन्ही सुयांचे मोजमाप सारखे येईपर्यंत सेटवरील चाक फिरवून प्रवाह जुळवावा.

सगळी किचकट बाब सुया धरणाऱ्या पट्टीची आहे, आणि येथे कोल्हापूरकराला एक फायदा आहे. शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये कागदावर आकृती काढून नेली, तर ॲल्युमिनियमची अशी पट्टी करून मिळायला अडचण येऊ नये. पट्टीवर दोन्ही सुयांना फिरता कोन हवा, एक सुई तिच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकायला हवी आणि दुसरी सुई दोन्ही धारांच्या प्रतलाला काटकोनात सरकायला हवी. या दोन्ही सरकण्यांसाठी एम-४ चे (४ मिलीमीटर जाडीचे) स्क्रू घालून घ्यावेत. त्या स्क्रूचा आटा ०.७ मिलीमीटरचा असतो, म्हणजे पाव फेऱ्यात सुई ०.१८ मिलीमीटर सरकते. थेंबच मुळी ०.६ मिलीमीटरचा असल्याने इतकी बारीक सरक नसेल, तर दिवसभर खटपट करूनही थेंब एकमेकांच्या बाजूने निघून जातात. खर्च वाचवायचा असेल तर तो इतर कुठेही वाचवावा, या पट्टीवर नको.

धारांचा भेटबिंदू सुयांच्या टोकांपासून तीन ते चार सेंटीमीटरवर ठेवावा. त्याहून जवळ ठेवला तर धारा तुटण्यापूर्वीच भिडतात आणि तेथे थेंबांच्या टकरीऐवजी पाण्याचे पानासारखे पातळ पटल तयार होते. तेही देखणे असते, पण तो वेगळा विषय आहे.

थेंबांना ताल लावणे

आपल्या आपण तुटणारी धार लहानमोठे थेंब देते आणि त्यांची वेळही ठरलेली नसते. त्यामुळे एका रांगेतील थेंब दुसऱ्या रांगेतील पोकळीतून खुशाल निघून जातात. यावर उपाय ध्वनीचा आहे. एका लहान स्पीकरच्या पडद्यावर मधोमध बांबूची काडी चिकटवून तिचे दुसरे टोक सुयांच्या पट्टीला टेकवावे आणि मोबाइलवरील स्वर निर्माण करणाऱ्या एखाद्या ॲपमधून, छोट्या ॲम्प्लिफायरमार्फत, ९३० हर्ट्झचा एकसुरी आवाज द्यावा. हा आकडा वेगाला तुकड्याच्या लांबीने भागून येतो: १३०० मिलीमीटर भागिले १.४ मिलीमीटर. कंपन अगदी सूक्ष्म पुरते, कारण तुटण्याची प्रवृत्ती धारेत असतेच, आपण तिला फक्त वेळ नेमून देतो. दोन्ही सुयांना एकाच स्पीकरचा हादरा मिळत असल्याने दोन्ही रांगा एकाच तालात चालतात. तरीही थेंबासमोर थेंब न येता पोकळी येत असेल, तर पुढे-मागे सरकणारी सुई हळूहळू सरकवावी. १.४ मिलीमीटरच्या आत कुठेतरी जुळणी होतेच.

एवढा वेगवान प्रकार नुसत्या डोळ्यांना धूसर रेषेसारखा दिसतो. म्हणून धारांच्या मागे बटर पेपर लावून त्याच्यामागे ३ वॅटचा पांढरा एलईडी ठेवावा आणि तो आरडुइनो बोर्डाने (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) ट्रान्झिस्टरमार्फत सेकंदाला ९३० वेळा, प्रत्येक वेळी फक्त २० मायक्रोसेकंद, पेटवावा. तेवढ्या वेळात थेंब ०.०३ मिलीमीटरपेक्षा कमी सरकतो, त्यामुळे तो थिजल्यासारखा दिसतो. मोबाइलचे घड्याळ आणि आरडुइनोचे घड्याळ तंतोतंत जुळत नाही, आणि हा दोष येथे चक्क उपयोगी पडतो: लखलखाट थेंबांपेक्षा किंचित मागे पडत असेल तर सगळी टक्कर आपल्यासमोर संथपणे पुढे सरकताना दिसते. ती उलटी धावू लागली तर स्वराचा आकडा अर्ध्या-एक हर्ट्झने वाढवावा. खोली अंधारी करून मोबाइलचा कॅमेरा हाताने नियंत्रित करण्याच्या पर्यायावर आणावा आणि उघडझापेचा वेळ १/३० सेकंद ठेवावा. अशा प्रत्येक चौकटीत सुमारे तीस लखलखाट, म्हणजे तीस वेगवेगळ्या टकरा, एकावर एक पडतात. चित्र रेखीव आले तर टकरा एकसारख्या होत आहेत असे समजावे. ते पुसट आले तर कॅमेऱ्याला दोष न देता आधी सुया तपासाव्यात.

टक्कर झाल्यावर काय होते

निकाल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: थेंब किती जोरात भिडले आणि किती नेमके समोरासमोर भिडले. जोर मोजण्यासाठी वेबर अंक वापरतात. घनता, थेंबाचा व्यास आणि सापेक्ष वेगाचा वर्ग यांचा गुणाकार करून त्याला पृष्ठताणाने भागले की तो मिळतो. धडकेची ऊर्जा थेंबाला फाडू पाहते आणि पृष्ठताण त्याला गोल ठेवू पाहतो, त्या दोघांची ही तुलना आहे. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. आपल्या मांडणीत दोन धारांमधील कोन ६० अंश ठेवला तर सापेक्ष वेगही १.३ मीटरच येतो आणि वेबर अंक १४ च्या आसपास पडतो. कोन ३० अंशांवर आणला तर तो ४ च्याही किंचित खाली जातो आणि ९० अंश केला तर २८ पर्यंत चढतो.

समोरासमोरच्या टकरीत सारख्या आकाराचे पाण्याचे दोन थेंब वेबर अंक साधारण २० होईपर्यंत जोडलेले राहतात. त्यापलीकडे ते जोडले जातात, चपटे होऊन चकतीसारखे पसरतात, मग आकसून टकरीच्या दिशेला लांबट होतात आणि पुन्हा तुटतात. ६० आणि ९० अंशांच्या दोन चित्रफिती शेजारी ठेवल्या की हा फरक निर्विवाद दिसतो. टक्कर बाजूने झाली तर वेगळाच प्रकार घडतो. ६० अंशांच्या कोनातच एम-४ चा स्क्रू फिरवून एक धार सावकाश बाजूला न्यावी. मध्यरेषा साधारण अर्ध्या व्यासाइतकी सरकली की दोन्ही थेंब एकमेकांना चिकटतात, त्यांच्यात एक पूल ताणला जातो, तो तुटतो, त्यातून एक-दोन बारीक थेंब सुटतात आणि मूळ थेंब आपापल्या वाटेने जातात. रंग घालून पाहिल्यास त्यांच्यात फारच थोडी देवाणघेवाण झालेली आढळते.

मिसळले की नुसते चिकटले?

आता एका बाटलीत गडद निळा खाण्याचा रंग घालावा आणि दुसरी स्वच्छ पाण्याची ठेवावी. ६० अंशांचा कोन, सारखे थेंब, अगदी समोरासमोर टक्कर. जोडथेंब काही मिलिसेकंद वेडावाकडा हेलकावतो आणि गोल होतो, पण नीट पाहिल्यास तो एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने कोराच राहिलेला असतो. दोन रंगांच्या कणकेचे गोळे एकमेकांवर दाबावेत तसा. याचे कारण सममिती. दोन्ही थेंब सारखे असतील तर आतला प्रवाह मधल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखा सारखा असतो, त्यामुळे सीमा ओलांडून जाण्याचे कारणच कोणत्याही द्रवाला उरत नाही. सर्वांत नीटनेटकी टक्कर सर्वांत वाईट मिसळते, आणि या सगळ्या खटाटोपातून हाती लागणारी माझ्या मते हीच सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

मग उरते ते विसरण, म्हणजे रेणूंचे आपल्या आपण पसरणे. त्यावर विसंबता येत नाही. टकरीनंतर दहा सेंटीमीटर खाली पडायला जोडथेंबाला सेकंदाचा अकरावा हिस्साही लागत नाही. तेवढ्यात रंगाचा रेणू सरासरी मिलीमीटरचा शंभरावा भाग इतकाच सरकतो. संपूर्ण थेंब केवळ विसरणाने एकजीव व्हायचा तर काही मिनिटे लागतील. थेंबाचे हेलकावे आतला द्रव ढवळतात खरे, पण तेही सुमारे ३० मिलिसेकंदांत चिकटपणामुळे विरतात. म्हणजे मिसळायचे ते भेटबिंदूखालच्या तीन-चार सेंटीमीटरमध्येच मिसळते. कॅमेरा तेवढ्याच पट्ट्यावर रोखावा.

मिश्रण सुधारायचे असेल तर सममिती मोडावी लागते, आणि ती मोडण्याचे तीन मार्ग याच मांडणीत करून पाहता येतात. पहिला मार्ग आकाराचा. एका बाजूला २२ नंबरची सुई लावावी. तिचे भोक ०.४१ मिलीमीटरचे असल्याने तेवढ्याच वेगासाठी मिनिटाला सुमारे १० मिलिलिटर प्रवाह ठेवावा लागतो आणि दोन्ही धारा नीट तुटाव्यात म्हणून स्वर ८०० हर्ट्झच्या आसपास उतरवावा लागतो. लहान थेंबाच्या आत मोठ्या थेंबापेक्षा जास्त दाब असतो. त्यामुळे जोडताक्षणी लहान थेंबातील द्रव मोठ्याच्या पोटात घुसू पाहतो. रंग लहान थेंबात घातला तर हे घुसणे ओळखू येते. दुसरा मार्ग टक्कर थोडी तिरपी करण्याचा आहे, तुटण्याची मर्यादा न ओलांडता. स्क्रूचा अर्धा फेरा, म्हणजे ०.३५ मिलीमीटर, प्रमाणाबाहेर जास्त होतो. पाव फेऱ्यावर जोडथेंब टिकतो, भोवऱ्यासारखा फिरू लागतो आणि दोन रंगांची सीमा ताणून वळवली जाते.

तिसरा मार्ग पृष्ठताणाचा, आणि तो सर्वांत रंजक. एका बाटलीतील पाण्यात दहा टक्के इथेनॉल (पुढे त्यालाच स्पिरिट म्हटले आहे) मिसळले की तिचा पृष्ठताण ७२ वरून ४८ च्या आसपास उतरतो. अशा दोन थेंबांची गाठ पडली की जास्त पृष्ठताणाचे पाणी कमी पृष्ठताणाच्या द्रवाची कातडी आपल्याकडे ओढून घेते, आणि काही मिलिसेकंदांत स्पिरिटचा थर पाण्याच्या थेंबाभोवती गुंडाळला जातो. रंग स्पिरिटच्या बाजूला घातला तर थेंबाला निळे आवरण चढते. पाण्याच्या बाजूला घातला तर निळा गाभा आत झाकला जातो. साबणानेही पृष्ठताण उतरतो, म्हणून स्पिरिटऐवजी साबण वापरण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण साबणाच्या रेणूंना नव्या पृष्ठभागावर येऊन बसायला वेळ लागतो आणि नुकताच जन्मलेला थेंब तेवढा वेळ देत नाही. स्पिरिट ज्वलनशील असल्याने जवळ उदबत्तीसुद्धा नको, आणि खिडकी उघडी ठेवावी.

रंगाच्या चाचणीला एक मर्यादा आहे. निळा आणि कोरा द्रव बारीक पदरांनी एकमेकांत गुंफले गेले, तरी कॅमेऱ्याला तो भाग फिकट निळाच दिसतो. रेणूंच्या पातळीवर खरोखर मिसळ झाली की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी एका बाजूला फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) आणि दुसऱ्या बाजूला धुण्याच्या सोड्याचे गाळलेले द्रावण घ्यावे. दोन्ही रंगहीन असतात आणि जेथे ते प्रत्यक्ष मिसळतात तेथेच गुलाबी रंग उमटतो. फिनॉल्फ्थॅलिन स्पिरिटात विरघळवलेले असते, म्हणून जितके स्पिरिट त्या बाजूला गेले असेल तितकेच सोड्याच्या बाजूलाही घालावे, नाहीतर वर सांगितलेला पृष्ठताणाचा खेळ नकळत सुरू होतो आणि आपण भलताच निष्कर्ष काढून बसतो. थेंब अर्धा मिलीमीटर जाडीचा असल्याने गुलाबी छटा फिकी येते; द्रावण ढगाळ न होता जितके दाट ठेवता येईल तितके ठेवावे.

हा सगळा उद्योग प्रदर्शनापुरता नाही. गगनबावड्याच्या घाटात कोसळणारा दोन मिलीमीटरचा एक थेंब ढगातील सुमारे दहा लाख सूक्ष्म थेंबांइतके पाणी बाळगून असतो, आणि त्याची वाढ मोठ्या प्रमाणावर अशाच टकरींतून होते. तेथे दोन्हीकडे पाणीच असल्याने मिसळण्याचा प्रश्न तेवढा उरत नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली थेंबांची रांग दुसऱ्या द्रवाच्या धारेवर सोडून, पृष्ठताणातील फरकाने एका द्रवाला दुसऱ्याभोवती गुंडाळून, हवेतच मऊ गोळ्या घडवून दाखवल्या. त्यांत सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम यांची जोडी होती, जी भेटताच जेलीसारखी घट्ट होते.

ही जोडी कोणाला करून पाहायची असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. अल्जिनेटचे द्रावण पाण्यापेक्षा बरेच दाट असते, त्यामुळे बाटलीच्या उंचीवर त्याची धार निघत नाही आणि सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजचा दांडा एकसारखा ढकलणारे यंत्र, लागतो. आणि काम थांबवताना कॅल्शियमची बाजू आधी बंद करून अल्जिनेट थोडा वेळ वाहू द्यावे, मग दोन्ही सुयांतून डिस्टिल्ड पाणी सोडावे, कारण कॅल्शियमचा एखादा तुषार अल्जिनेटच्या सुईच्या तोंडाशी बसला की आत जेलीचे बूच तयार होते आणि ती सुई टाकूनच द्यावी लागते.